माकडतापाचा नकाशा



आज लढाईची गोष्ट नाही, पण नकाशाची आहे. माझी नोकरी तोफखान्यात झाली. तोफखान्यात नकाशा चुकीचा वाचला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो, म्हणून तरुण अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात. नकाशा हातात आला की आधी डोंगर-नद्या बघायच्या नाहीत. आधी त्याच्या कडेला छापलेली बारीक अक्षरं वाचायची: सर्वेक्षण कोणी केलं, कोणत्या साली केलं, कुठला भाग प्रत्यक्ष पायी फिरून पाहिला आणि कुठला नुसता अंदाजानं काढला. तीस वर्षांपूर्वीच्या नकाशावर ओढा दिसतो, आणि तुम्ही तिथे पोहोचता तेव्हा समोर धरणाचं पाणी पसरलेलं असतं. यात नकाशा खोटं बोलत नाही. तो आपल्या तारखेपुरतं खरं बोलतो.

निवृत्तीनंतर माझा मुक्काम कर्नाटकात आहे. इथल्या मलनाडात, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाळी डोंगरपट्ट्यात फिरताना एका रोगाचं नाव वारंवार कानावर येतं. कानडीत त्याला ‘मंगन कायिले’ म्हणतात, म्हणजे माकडांचा आजार. आपल्या सिंधुदुर्गात लोक त्याला माकडताप म्हणतात. डॉक्टरी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. हा रोग गोचिडामुळे पसरतो. तो कुठे होऊ शकतो याचा नकाशा काढण्याचा प्रयत्न आपल्या देशात जवळजवळ सत्तर वर्षं चालू आहे. त्या नकाशाच्या कडेची बारीक अक्षरं आज आपण वाचणार आहोत.

रोगाला पत्ता असतो

सुरुवात भारतात नाही, रशियाच्या अतिपूर्वेला होते. १९३० च्या दशकात जपानच्या भीतीनं सोव्हिएत संघानं तिथल्या सीमेवर मोठं सैन्य आणून ठेवलं होतं. घनदाट तैगा जंगल, नवे रस्ते, लाकूडतोड. आणि दर वसंत ऋतूत मेंदूला सूज येऊन माणसं मरायची किंवा कायमची अपंग व्हायची. १९३७ साली मॉस्कोहून लेव्ह झिल्बर या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली एक मोहीम तिकडे गेली. झिल्बरनं काय पाहिलं? रुग्णांचा एकमेकांशी संबंध नव्हता. एकाच गावात एकाला रोग आणि शेजारी ठणठणीत. साम्य एवढंच, की बहुतेक सगळे जंगलात गेलेले होते आणि रोग ठराविक महिन्यांतच होत होता. त्यावरून त्यांनी गोचिडावर बोट ठेवलं, आणि ते बरोबर निघालं. किंमत मात्र जबर पडली. त्यांच्या पथकातल्या मिखाईल चुमाकोव्ह या तरुण शास्त्रज्ञाला काम करताना लागण झाली. त्यांचा उजवा हात कायमचा अधू झाला आणि ऐकू येणं कमी झालं. खुद्द झिल्बर यांना परतल्यावर काही महिन्यांतच स्टालिनच्या पोलिसांनी अटक केली.

त्याच काळात येवगेनी पाव्हलोव्स्की या प्राणिशास्त्रज्ञानं एक सिद्धांत मांडला. हे गृहस्थ सोव्हिएत सैन्याच्या वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट जनरल होते. ते म्हणाले, काही रोग माणसांचे नसतातच, ते भूभागाचे असतात. विषाणू, तो वाहणारा किडा आणि ज्या प्राण्यांच्या रक्तावर किडा जगतो ते प्राणी, हे तिघं एका विशिष्ट प्रकारच्या जमिनीवर, विशिष्ट झाडीत, माणूस नसतानाही सुखानं नांदत असतात. माणूस तिथे शिरला की त्याला रोग होतो. म्हणजे जमीन ओळखता आली तर रोग होण्याआधीच धोक्याची जागा सांगता येईल. माझ्यासारख्याला हे लगेच पटतं. सुरुंग कुठे पेरले असतील हे आम्हीही जमिनीच्या ठेवणीवरून ताडतो. पाय पडायची वाट बघत बसत नाही.

१९५७: क्यासनूर

आता भारतात येऊ. शिमोगा जिल्हा, सोरब तालुका. भाषावार प्रांतरचना होऊन जेमतेम काही महिने झाले होते. शेजारचा कारवार जिल्हा तोवर मुंबई राज्यात होता, तो नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. मार्च १९५७ मध्ये पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राकडे बातमी आली, की क्यासनूर नावाच्या जंगलात वानरं आणि माकडं मरून पडत आहेत आणि आसपासच्या गावांत लोकांना जबरदस्त ताप येतो आहे.

पुण्याची ही संस्था १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेची रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून सुरू केली होती. आज आपण तिला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. कोविडच्या काळात तिचं नाव घरोघरी पोहोचलं. माकडं मरतात म्हटल्यावर तिथल्या मंडळींच्या पोटात गोळा आला, कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत माकडं मरू लागली की मागून पीतज्वर येतो. आशियात पीतज्वर नव्हता. तो शिरला असता तर हाहाकार झाला असता.

टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे अमेरिकी शास्त्रज्ञ आणि त्यांचे भारतीय सहकारी जंगलात पोहोचले. मेलेल्या माकडांतून, रुग्णांच्या रक्तातून आणि गोचिडांतून विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. तो अगदी नवा होता, आणि त्याचं जवळचं नातं निघालं ते रशियातल्या त्या वसंत ऋतूतल्या मेंदुज्वराच्या विषाणूशी! १९५७ साली ४६६ रुग्णांची नोंद झाली, पुढच्या वर्षी १८१. पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनाही लागण झाली. म्हणजे हा शत्रू दोन्हीकडून वार करणारा होता.

या रोगात अचानक खूप ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, अंग मोडून येणं, काहींना नाका-तोंडातून रक्तस्राव. काही रुग्णांना आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. साधारण शंभरात तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूला मारणारं खास औषध आजही नाही.

पहिला नकाशा: सैबेरियापासून शिमोग्यापर्यंत

रशियातला विषाणू आणि शिमोग्यातला विषाणू एका कुळातले. मग मधलं हजारो किलोमीटरचं अंतर पार केलं कोणी? उत्तर सुचलं पक्ष्यांचं. दर हिवाळ्यात सैबेरियाकडून लाखो पक्षी भारतात येतात. त्यांच्या अंगावर गोचीड येत असतील तर?

म्हणून पक्ष्यांच्या पायात वाळे अडकवून त्यांचे मार्ग शोधण्याचं काम सुरू झालं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली ते हाती घेतलं. आधी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती, पुढे अमेरिकी सैन्याच्या एका पक्षी-सर्वेक्षण कार्यक्रमाचा पैसा आला. इथे गाडी घसरली. भारतीय पक्ष्यांवरच्या संशोधनाला अमेरिकी सैन्य पैसे का देतं? हे जैविक युद्धाची तयारी तर नव्हे? १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांत आणि संसदेत हे प्रश्न गाजले. संसदेच्या लोकलेखा समितीनं १९७५ साली अशा परदेशी सहकार्याच्या संशोधनावर कडक टीका केली.

सैनिक म्हणून मी एवढंच म्हणेन, की प्रश्न विचारणं योग्यच होतं. पक्ष्यांचे मार्ग आणि रोगांचे मार्ग यांचा नकाशा ही युद्धाच्याही उपयोगाची गोष्ट आहे. पण रोगाच्या बाजूनं पाहिलं तर पक्ष्यांचा हा धागा हाताला लागलाच नाही. सैबेरियातून पक्ष्यांनी माकडताप आणला हे कधी सिद्ध झालं नाही. पक्षी-अभ्यासाला मात्र त्या वाळ्यांतून मोठी माहिती मिळाली. पुढे १९९५ साली सौदी अरेबियात एक विषाणू सापडला, अल्खुर्मा नावाचा. तो आपल्या माकडतापाच्या विषाणूचा अगदी सख्खा भाऊ निघाला. म्हणजे नात्यांचा नकाशा अजूनही पुरता उलगडलेला नाही.

दुसरा नकाशा: पायाखालची जमीन

आकाशाकडे बघणारे बघत होते, त्याच वेळी काही लोक जमिनीकडे बघत होते. सागर या तालुक्याच्या गावी पुण्याच्या केंद्रानं क्षेत्रीय ठाणं उघडलं. कोलंबियाचे शास्त्रज्ञ होर्हे बोशेल आणि आपले पी. के. राजगोपालन यांच्यासारख्यांनी इथल्या जंगलात वर्षानुवर्षं घालवली. कामाची पद्धत साधी आणि कष्टाची. पांढरं फ्लॅनेलचं कापड काठीला बांधायचं, पाचोळ्यावरून ओढत जायचं, थोड्या अंतरावर थांबून कापडाला चिकटलेले गोचीड चिमट्यानं काढून मोजायचे. ऊन असो, पाऊस असो, रोज. त्यातून जे कळलं ते आजही पायाभूत आहे.

गोचीड उडत नाही, उडीही मारत नाही. गवताच्या किंवा पानाच्या टोकाशी बसून जवळून जाणाऱ्या प्राण्याची वाट बघतो. माकडतापाचा मुख्य गोचीड हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा. त्याच्या आयुष्यात तीन जेवणं: अळी असताना एक, पिल्लू असताना एक, मोठा झाल्यावर एक. अळ्या पावसाळा संपता संपता दिसू लागतात. त्या उंदीर, चिचुंदरी, पक्षी, माकड अशांवर पोसतात. पिल्लं डिसेंबर ते मे या काळात असतात, तिळाच्या दाण्याहूनही लहान. माणसाला रोग देतात ती बहुतेक हीच, आणि म्हणून रोगाचा हंगामही हाच. मोठे गोचीड पावसाळ्यात गुरांच्या अंगावर दिसतात. गुरांना हा रोग होत नाही आणि ती विषाणूही फारसा पुढे देत नाहीत. पण गुरांचं रक्त पिऊन मादी हजारो अंडी घालते. म्हणजे शत्रूचा दाणागोटा आपल्याच गोठ्यातून जातो.

माकड मेलं की त्याचं अंग थंड पडतं आणि त्याच्यावरचे शेकडो गोचीड खाली उतरून पाचोळ्यात पसरतात. ती जागा पुढचे काही आठवडे सुरुंगाच्या शेतासारखी असते. म्हणून मेलेलं माकड दिसलं की आसपास मॅलॅथिऑनची भुकटी मारायची, ही पद्धत पडली.

बोशेल यांनी १९६९ साली जो निष्कर्ष मांडला तो माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं मर्म आहे. धोका घनदाट जंगलाच्या पोटात सर्वांत जास्त नाही. तो जंगलाच्या कडेला आहे. डोंगरावर झाडी, खाली भातखाचरं, मध्ये सुपारीच्या बागा, जंगलात चरणारी गुरं, तोडलेल्या झाडांच्या जागी माजलेली झुडपं. माणसं आणि गुरं वाढली, जंगलाचे तुकडे पडले आणि कड लांबत गेली. विषाणू कदाचित पूर्वीपासून तिथे होता. कड वाढली तशी त्याची आणि माणसाची गाठ पडू लागली.

मलनाडात फिरल्यावर हे डोळ्यांना दिसतं. सुपारीच्या बागायतदाराला बागेत घालायला पाला लागतो. त्यासाठी ‘सोप्पिन बेट्ट’ नावाच्या पाल्याच्या टेकड्या बागेला जोडून दिलेल्या असतात. बायका कोरडा पाला गोळा करून डोक्यावर आणतात, अंगणात ढीग लावतात, गोठ्यात गुरांखाली अंथरतात. २०११-१२ च्या साथीनंतर शिमोग्यात रुग्णांची चौकशी झाली, तेव्हा जंगलात जाण्याबरोबरच घराच्या आवारात असा पाल्याचा ढीग असणं हाही धोका ठरला. म्हणजे नकाशावरची जंगलाची रेघ खरी कुठून जाते? ती डोक्यावरच्या भाऱ्यातून थेट अंगणात येते.

रोगाला जिल्हा चिकटला

आता त्या बारीक अक्षरांकडे येऊ. रोग शिमोग्यात सापडला. ठाणं शिमोग्यात उघडलं. तपासणीची सोय शिमोग्यात झाली. तिथले डॉक्टर ताप बघताच माकडताप आठवू लागले. साहजिकच रुग्णही शिमोग्यातच सापडत राहिले. १९७० च्या दशकात उत्तर कन्नडमध्ये नव्या जागा दिसल्या. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडच्या बेळतंगडी तालुक्यात मोठी साथ आली. तिथे राखीव जंगल तोडून काजूची लागवड करण्याचं काम चाललं होतं. आधी माकडं मेली, मग माणसं आजारी पडली. रुग्ण हजारावर गेले. तरीही देशाच्या मनात हा कर्नाटकातल्या दोन-चार जिल्ह्यांचा आजार असाच राहिला. पाठ्यपुस्तकातही तसंच छापलं जायचं.

मग २०१२ चा नोव्हेंबर. शिमोग्यापासून सुमारे तीनशे किलोमीटर दक्षिणेला बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडं मेली. ती जाळण्याचं काम केलेले काही कर्मचारी तापानं आजारी पडले. तपासणीत माकडताप निघाला. त्याच सुमाराला शेजारी तामिळनाडूच्या निलगिरीत मेलेल्या माकडांत विषाणू सापडला. २०१३ मध्ये केरळच्या वायनाडमध्ये पहिला रुग्ण, आणि २०१४-१५ मध्ये तिथे शंभरावर रुग्ण, त्यांतले बरेच आदिवासी. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, पाळी गावात. जानेवारी २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात. त्या हंगामात सिंधुदुर्गात शंभराहून अधिक रुग्ण तपासणीत पक्के झाले. पुढच्या वर्षी बांद्याच्या परिसरात, सावंतवाडी तालुक्यात.

गोवा आणि दोडामार्ग इथे लागण झालेल्यांत काजूच्या बागांत काम करणारी माणसं पुष्कळ होती. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आणि गोचिडाच्या पिल्लांचाही तोच. पिकलेलं बोंडू खाली पडतं, मजूर वाकून पाचोळ्यातून बी वेचतो. दिवसभर. हात, पाय, कंबर सगळं पाचोळ्याच्या उंचीवर. शिवाय कामासाठी माणसं सिंधुदुर्गातून आणि बेळगावकडून गोव्यात जातात. लागण सत्तरीत होते आणि ताप चढतो घरी परतल्यावर, दुसऱ्या राज्यात. तिथला डॉक्टर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तपासतो. सगळं नकारार्थी. रुग्ण गोव्याच्या नकाशावर नाही आणि गावच्या नकाशावरही नाही.

विषाणू चार वर्षांत चार राज्यांत पसरला, की तो आधीच तिथे होता आणि आपण तेव्हा बघू लागलो? दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात. माकडं आणि गोचीड सह्याद्रीत सगळीकडे आहेत. राज्यांच्या सीमा त्यांना ठाऊक नाहीत. आणि एक जुनी नोंद आहे. क्यासनूरची साथ येण्याआधीच, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्याच्या केंद्रानं देशभर लोकांच्या रक्ताचे नमुने तपासले होते. तेव्हा कच्छ आणि सौराष्ट्रातल्या काही लोकांच्या रक्तात रशियन मेंदुज्वराच्या कुळातल्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली होती. म्हणजे शिमोग्याबाहेरही या कुळातलं काहीतरी फिरत होतं. नकाशावर मात्र ती जागा पांढरीच राहिली. पांढऱ्या जागेचे अर्थ दोन असतात: तिथे काही नाही, किंवा तिथे कोणी गेलं नाही. सैन्यात आम्ही दुसरा अर्थ धरून चालतो.

पाच किलोमीटरचं वर्तुळ

ही नुसती शब्दांची चर्चा नाही. नकाशावरून निर्णय होतात. कर्नाटकात १९९० पासून माकडतापाची लस दिली जायची. कोणाला? जिथे माणूस आजारी पडला किंवा माकडात विषाणू सापडला, त्या जागेभोवती पाच किलोमीटरच्या वर्तुळातल्या लोकांना. कागदावर सोपं आहे. पण लशीचे दोन डोस महिन्याच्या अंतरानं, मग बूस्टर. माकड डिसेंबरात सापडलं तर संरक्षण तयार होईपर्यंत हंगाम अर्धा संपलेला. आणि वर्तुळाचा मध्य म्हणजे शत्रूची कालची जागा. उद्या तो सहा किलोमीटरवर असेल तर? ती लस पुरेशी प्रभावी नसल्याचंही दिसून आलं आणि काही वर्षांपूर्वी तिचा वापर थांबला. नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर वर्तुळ काढण्यापेक्षा आधीच धोक्याची जमीन ओळखण्याला पर्याय नाही.

२०१८ पासून ब्रिटन आणि भारतातल्या संस्थांनी मिळून ‘मंकी फीवर रिस्क’ नावाचा प्रकल्प चालवला. त्यांनी शिमोग्यातल्या २०१४ ते २०१९ च्या रुग्णांच्या जागा घेतल्या. त्यावर उपग्रहावरून मिळालेले जंगलाचे प्रकार, बागायतीचं क्षेत्र, गुरांची गणना, लोकसंख्या असे थर चढवले. कोणते थर घ्यायचे हे ठरवताना आरोग्य, पशुवैद्यक आणि वन खात्याच्या लोकांना बरोबर घेतलं. २०२० मध्ये निष्कर्ष आला. जिथे दमट सदाहरित जंगल आणि बागायती यांची गोधडी आहे आणि देशी गुरं जास्त आहेत, तिथे धोका जास्त. कोरड्या पानझडी जंगलात कमी. बोशेल यांनी पन्नास वर्षांपूर्वी पायी फिरून जे सांगितलं, त्याला आता आकडे आणि अंश-रेखांश मिळाले. पाव्हलोव्स्कींचा जुना विचारही आता संगणकावर आला.

पण या नकाशालाही बारीक अक्षरं आहेतच. त्याला शिकवलं आहे नोंद झालेल्या रुग्णांवरून. ज्याची नोंदच झाली नाही, तो त्यात नाही. शिमोग्याच्या जमिनीवर शिकलेला नकाशा दोडामार्गच्या काजूच्या डोंगराला किंवा वायनाडच्या पाड्याला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही. शिवाय जमिनीचा धोका आणि माणसाचा धोका या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच वाडीत एकाकडे गॅस आहे, दुसऱ्याला सरपणाला जावं लागतं. एकाला ताप आला तर दोन दिवस घरी बसता येतं, दुसऱ्याची मजुरी बुडते. हा फरक कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

तो कोणाला दिसतो? सागर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी गेलो होतो. भिंतीवर हातानं काढलेला गावांचा नकाशा होता. त्यावर पेन्सिलीनं बारीक फुल्या, प्रत्येकीसमोर तारीख. मी विचारलं, तर तिथल्या आरोग्यसेविका म्हणाल्या, ‘‘सर, हे माकडं सापडली तिथे. पण ही वाडी बघा, इथे एकही फुली नाही. कारण तिकडे रस्ता नाही, कोणी कळवतच नाही. म्हणून तिथे मी आधी जाते.’’ मी तिथेच उभा राहिलो. नकाशाची कडेची अक्षरं कशी वाचायची हे मला तोफखान्यानं शिकवलं. या बाईंना ते रोजच्या कामानं शिकवलं होतं.

आपण काय करायचं

ही मालिका देशभरातले मराठी लोक बघतात आणि वाचतात. बेळगाव, गोवा, बंगळुरूला राहणारे आहेत. कोडगू-चिक्कमगळूरुला सुट्टीला जाणारे आहेत. कोकणात आणि मलनाडात बागा घेणारेही आहेत. म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो.

डिसेंबर ते मे या काळात सह्याद्रीच्या दमट जंगलात किंवा लगतच्या बागेत जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पँट मोज्यात खोचा, उघड्या अंगावर कीटक दूर ठेवणारं मलम लावा. ग्वाल्हेरच्या आपल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेनं तयार केलेलं डेपा नावाचं औषध यासाठीच आहे. जवानांबरोबर आता कर्नाटकातल्या गावकऱ्यांनाही ते देतात. पाचोळ्यावर बसू नका. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा, अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, जवळही जाऊ नका. जागा नीट लक्षात ठेवून वन किंवा आरोग्य खात्याला कळवा. तुमच्या बागेत मजूर असतील तर त्यांच्या मलमाचा आणि बुटांचा खर्च तुमचा आहे असं समजा.

आणि जंगलातून आल्यावर आठवड्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना नुसता ताप सांगू नका. कुठे गेला होता ते सांगा. गावाचं नाव, बागेचं नाव, तारीख. तुमची एवढी एक ओळ डॉक्टरांना योग्य तपासणी सुचवेल. आणि तपासणीत काही निघालं, तर नकाशावरची एक पांढरी जागा भरली जाईल. त्या जागेवर उद्या दुसरं कोणीतरी काजू वेचायला जाणार आहे.

पुढच्या भागात आपण घाटवाटा आणि त्यांची मोजणी यावर बोलू. तोवर काळजी घ्या.

जय हिंद.